गोगोलची गोष्ट आणि न्यू जर्सीतील एक मुलगी

परदेशात स्थायिक झालेले मराठी पालक मला वारंवार विचारतात की, घरात मराठी बोलतो, सणवार पाळतो, सुट्टीत भारतात नेतो, तरीही वयात येताच मुलांना या सगळ्याचा तिटकारा का येतो? न्यू जर्सीतील एका दांपत्याने ऑनलाइन समुपदेशन सत्रात हाच प्रश्न मांडला, मात्र त्यांचा राग एका कादंबरीवर होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) अकरावीतील त्यांच्या मुलीने झुंपा लाहिरी यांची २००३ साली प्रसिद्ध झालेली ‘द नेमसेक’ वाचून, तिच्या नायकाचा उल्लेख करत, ‘मी गोगोलसारखीच आहे’ असे शाळेच्या निबंधात लिहिले होते आणि त्याच वर्षी मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाला येण्यास साफ नकार दिला होता. पुस्तकानेच तिच्या डोक्यात हे भरवले, याबद्दल आईच्या मनात शंका नव्हती.

ती कादंबरी तुम्ही दोघांनीही वाचावी, असे मी सुचवले. पुढच्या सत्रात आई म्हणाल्या, “आईवडिलांनी ठेवलेले नाव मुलगा कोर्टात जाऊन टाकून देतो, आणखी काय वाचायचे?” हे खरे असले तरी अपुरे आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये वाढलेला बंगाली गोगोल गांगुली अठराव्या वर्षी ‘निखिल’ होतो. पण हे नाव त्याच्या आईवडिलांनीच त्याच्यासाठी पूर्वी निवडलेले असते आणि तो सोडतो ते एका रशियन लेखकाचे नाव. १९६१ च्या रेल्वे अपघातात वडील अशोक यांच्या हातात त्याच लेखकाच्या पुस्तकाचे पान होते, त्यामुळे मदतपथकाची नजर त्यांच्याकडे गेली आणि त्यांचा जीव वाचला, हे मुलाला कळते तेव्हा नाव बदलून झालेले असते. मुलाच्या बंडापेक्षा वडिलांचे हे लांबलेले मौनच मला या कादंबरीचा गाभा वाटते.

मानसशास्त्रज्ञ जीन फिनी यांच्या मांडणीनुसार, घरातून आयती मिळालेली वांशिक ओळख तपासून पाहण्याचा एक टप्पा किशोरवयात येतो आणि त्यातून गेल्यावरच ती ओळख खऱ्या अर्थाने आपली होते. तेव्हा नकार हा त्या तपासणीचाही भाग असू शकतो. (किशोरवय आणि अस्मिता यांचे नाते उलगडणारे एरिक एरिक्सन स्वतः स्थलांतरित होते आणि अमेरिकेचे नागरिकत्व घेताना त्यांनी आडनाव बदलले होते, याची आठवण मी पालकांना आवर्जून करून देतो.)

मुलीशी स्वतंत्रपणे बोललो तेव्हा तिची तक्रार नेमकी होती. दरवर्षी तिला मंचावर उभे करून अथर्वशीर्ष म्हणायला लावत, उच्चार चुकला की काकू-मावश्या हसत, आणि बाबांना हे सारे एवढे का हवे असते, हे मात्र कोणी सांगत नसे. “लोकांना दाखवायला,” असा तिने आपल्यापुरता अर्थ लावला होता.

एकत्र सत्रात मी वडिलांना अमेरिकेतील सुरुवातीच्या वर्षांबद्दल बोलते केले. बराच वेळ ते कंपनी, पगार, घराचे कर्ज यांवरच बोलत राहिले. मग त्यांनी सांगितले की, त्यांचे वडील साताऱ्यात वारले तेव्हा व्हिसाचा नवा शिक्का मिळेपर्यंत तिकडेच अडकून नोकरी जाईल या भीतीने ते अंत्यविधीला गेले नव्हते. त्या दिवसांत मंडळातली माणसे आळीपाळीने डबा घेऊन येत आणि रात्री सोबतीला थांबत. मुलीने एवढेच विचारले, “बाबा, हे मला कधीच का नाही सांगितलंत?” त्यांच्यापाशी उत्तर नव्हते.

त्यानंतर आम्ही मराठीची सक्ती आणि मंचावरचा कार्यक्रम बाजूला ठेवला आणि आठवड्यातून एकदा बापलेकींनी साताऱ्याच्या आजीला एकत्र फोन करायचा, एवढेच ठरवले. मुलगी आजीशी निम्मे इंग्रजीत बोलते आणि आईंना ते अजूनही खटकते. गणेशोत्सवाला ती पुढच्या वर्षी गेली, ती स्वयंपाकघरात वाढपाला मदत करायला. मंचावर जाण्यास तिचा नकार कायम आहे.