हार्मोन्सच्या जेनेटिक्समध्ये रिसर्च करायचाय, पण घरचे म्हणतात आधी डॉक्टर हो. काय करू?

"घरचे म्हणतात" एवढं वाचलं आणि लिहायला बसले. आमच्याकडे हे काम मोठे दीर करतात. ते बालरोगतज्ज्ञ, आणि दर गणपतीत पंगत बसली की सुरू, "जीन कळून पेशंटचं काय भलं होतं गं? औषध शेवटी आम्हीच लिहितो ना."

तर एक केस सांगते. मी पीएचडीनंतर नवजात बाळांच्या डायबेटिसवर काम करायचे. एक बाळ आलं, बाळ कसलं, चालायला लागलं होतं, दुसऱ्या महिन्यापासून टाइप वन म्हणून इन्सुलिनवर. आता सहा महिन्यांच्या आत डायबेटिस निघाला तर तो टाइप वन जवळजवळ कधीच नसतो, जेनेटिक टेस्ट करायचीच, पण कुणी पाठवलंच नव्हतं. आईच्या पिशवीत बर्फाचा थर्मास आणि शुगरचे आकडे लिहून लिहून फुगलेली वही. सीक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं एकेक करून वाचलेला रिपोर्ट आला, स्क्रीनवर एकेक शिखर नीट चाललेलं आणि ६०२ नंबरला एका शिखराच्या पोटात दुसरं, एकाच जागी जी हे अक्षर पण आणि ए पण. केसीएनजे११ नावाचा जीन, त्यातल्या या बदलाचं नाव आर२०१एच. आईवडिलांचं तपासलं तर दोघांचंही नॉर्मल, म्हणजे बदल बाळातच नव्याने झालेला. हे सांगितल्यावर ती बाई जी रडायला लागली, कारण सासू तेव्हापासून ऐकवत होती, "आमच्या घराण्यात नाही बाई कुणाला शुगर."

या जीनपासून बीटा सेलमधलं, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीतलं पोटॅशियम चॅनेल बनतं, पोटॅशियम जायचं दारच म्हणा. रक्तात साखर वाढली की ते बंद व्हायला हवं, तरच इन्सुलिन सुटतं. या बाळांचं उघडंच राहतं, मग इन्सुलिनचा माल गोदामात पडून आणि गोदामाचं शटर जाम. आणि गंमत म्हणजे तेच चॅनेल बंद करणारी गोळी साठच्या दशकापासून बाजारात आहे, ग्लिबेनक्लामाइड, म्हणजे आपले आजोबा खायचे ती डाओनिल. बाळाला अ‍ॅडमिट करून डोस हळूहळू वाढवला, इन्सुलिन उतरवत नेलं आणि शेवटी सुई बंद झाली.

हे कुणामुळे? फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट. शिक्षण झूऑलॉजीचं, डॉक्टर नाहीत. १९८४ मध्ये ऑक्सफर्डला त्यांनी दाखवलं की ग्लुकोजने बीटा सेलमधलं हे चॅनेल बंद होतं. त्या बाळांमध्ये याच चॅनेलचा जीन बिघडलेला असतो हे बाहेर आलं २००४ मध्ये, इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या अँड्र्यू हॅटर्सलींच्या ग्रुपकडून. मध्ये वीस वर्षं गेली. २००६ मध्ये ४९ पेशंट्सचा पेपर आला, त्यातल्या ४४ जणांचं इन्सुलिन गोळीवर सुटलं. "हॅटर्सली डॉक्टरच आहेत ना!" भाऊजी लगेच हेच धरून बसतात. आहेतच. पण २००४ च्या पेपरवर पहिलं नाव अ‍ॅना ग्लॉइन यांचं, त्याही डॉक्टर नाहीत. माझं म्हणणं एवढंच की दोन्ही लागतात, आणि ताटावर बसून कोण मोठं हे ठरवायचं असेल तर आधी १९८४ चा पेपर वाचून या.

तुमचं विचाराल तर, पेशंट बघायची आवड असेल तर खुशाल मेडिकलची नीट परीक्षा द्या, आई खूश व्हावी म्हणून देऊ नका. रिसर्चच करायचा तर एमएस्सी, मग सीएसआयआर-नेट ही परीक्षा. त्यातून मिळणारी जेआरएफ, म्हणजे रिसर्चची फेलोशिप, सध्या महिना ३७,००० रुपये आहे, एचआरए म्हणजे घरभाडं भत्ता वेगळा, पण दर महिन्याला वेळेवर येईल या भ्रमात राहू नका, घरभाड्याची सोय बाजूला ठेवा. संस्थेच्या नावापेक्षा गाईड बघा, त्याच्या जुन्या स्टुडंट्सना फोन करा. ज्या लॅबला पेशंटचे सॅम्पल देणारा एकही डॉक्टर नाही तिथे हार्मोन्सवर काम करायला जाऊ नका. आर किंवा पायथन, यातली एक प्रोग्रामिंगची भाषा आत्ताच शिका.

हां, आणि हे वाचून कुणी पालक उड्या मारतील म्हणून, हा आजार दुर्मिळ आहे, तुमच्या दहा वर्षांच्या मुलाच्या टाइप वनशी याचा संबंध नाही. नवजात बाळातसुद्धा इन्सुलिनचाच जीन बिघडलेला असेल तर ही गोळी चालत नाही. रिपोर्ट आल्याशिवाय आणि डॉक्टरांनी अ‍ॅडमिट केल्याशिवाय इन्सुलिनला हात लावायचा नाही. भाऊजी हल्ली सहा महिन्यांच्या आतली बाळं टेस्टला पाठवतात, मला वहिनींकडून कळलं. पंगतीत अजून तेच बोलतात.