ओळीवर नाव तुझं असू दे

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्या वाचनात एका वाक्यावरच अडकले: ‘सगळे म्हणतात, मुलींना टेस्टिंग बरं.’ बरं म्हणजे काय, हे त्या सगळ्यांना एकदा विचारून बघ. टेस्टिंगला, म्हणजे तयार सॉफ्टवेअर तपासून त्यातल्या चुका शोधायला, डोकं लागतं. आवडत असेल तर जरूर कर आणि ऑटोमेशन, म्हणजे ती तपासणी प्रोग्रामकडून करून घ्यायला, शीक; मग तिथेही कोडच लिहिशील. पण ‘डेव्हलपमेंट तुला झेपायचं नाही’ म्हणून कुणी तिकडे ढकलत असेल, तर हलू नकोस. आणि हो, मला मॅडम नको म्हणूस, ताई म्हण.

गणित बेताचं आहे म्हणतेस. इतक्या वर्षांत मला कॅल्क्युलस एकदाही लागलं नाही. ग्राफिक्स किंवा मशीन लर्निंगकडे वळलीस तर लागेल, तेव्हा शिकशील. एरवी जे लागतं त्याचा एक नमुना सांगते.

नोकरीचं दुसरं वर्ष. एका रिपोर्टची महिनाअखेरची बेरीज जुळेना. फरक दर महिन्याला वेगळा, त्यामुळे धागा सापडत नव्हता. तिसऱ्या दिवशी मी बेरजांचा नाद सोडला आणि गहाळ झालेली एकच एंट्री समोर घेऊन बसले. तारीख ३१, वेळ सकाळी ११:४२. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडे केलेल्या मागणीत, लिहिलेलं होतं, ‘१ तारखेपासून ३१ तारखेपर्यंत’. आपण ‘३१ पर्यंत’ म्हणतो तेव्हा तो अख्खा दिवस धरतो. डेटाबेसने मात्र त्याचा अर्थ ३१ तारीख सुरू होते तो क्षण, म्हणजे ००:००, असा घेतला होता. पुढच्या दिवसभराच्या सगळ्या एंट्र्या गळत होत्या. दुरुस्ती एका ओळीची निघाली: ‘पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आधी’.

तो आनंद मी तुला शब्दांत सांगू शकत नाही. त्या आनंदाच्या भरातच मी घोळ घातला. शेजारच्या सहकाऱ्याचं रिलीज, म्हणजे त्याने केलेले बदल वापरात आणणं, त्या दिवशी जाणार होतं. मी म्हटलं, ‘तुझ्यातच टाकून दे ना ही ओळ.’ त्याने टाकली. वर्षअखेरीला तो बग, म्हणजे ती चूक दुरुस्त करणं, त्याच्या कामगिरीत धरलं गेलं. त्याने काही लबाडी केली नव्हती. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटला विचारलं तर त्या ओळीपुढे त्याचंच नाव येत होतं. गिट ब्लेम ही कमांड प्रत्येक ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवते. तीन दिवस कोण डोकं फोडत बसलं होतं, ते तिला कुठून कळणार?

हे माझ्याच वेंधळेपणाचं आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग एनिॲक या सुरुवातीच्या अमेरिकन संगणकाची हकीकत वाचली. १५ फेब्रुवारी १९४६ ला त्या संगणकाचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. तोफगोळ्याचा मार्ग मोजणारा प्रोग्राम बेटी स्नायडर आणि बेटी जीन जेनिंग्ज यांनी बसवला होता. त्या रात्रीच्या मेजवानीचं त्यांना आमंत्रण नव्हतं. १९८० च्या दशकात कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीने एनिॲकच्या जुन्या फोटोंतल्या बायका कोण म्हणून विचारलं, तर उत्तर मिळालं की त्या मॉडेल्स, यंत्र उठून दिसावं म्हणून उभ्या केलेल्या! ब्रिटनमध्ये स्टेफनी शर्ली यांनी १९६२ साली घरून काम करणाऱ्या प्रोग्रामर बायकांची कंपनी काढली, पण स्वतःच्या नावाने पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येईनात. मग त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या.

तुला स्टीव्ह व्हायची गरज नाही. पण शोधलेल्या बगची दुरुस्ती स्वतः कमिट कर, म्हणजे गिटमध्ये आपल्या नावाने नोंदव, आणि त्या नोंदीसोबतच्या कमिट मेसेजमध्ये काय बदललं याबरोबर का बदललं तेही लिही. मीटिंगमध्ये ‘नोट्स कोण घेणार?’ असा प्रश्न आला की नजरा तुझ्याकडे वळतील. पहिल्यांदा घे आणि तिथेच विचार, ‘पुढच्या वेळी कोण?’ हसत विचारलंस तरी चालेल, पण विचार. ‘तू बोलतेस छान, कोऑर्डिनेशन बघ’ हे कौतुक वाटतं; वर्षभराने लक्षात येतं की आपण एकही फीचर लिहिलेलं नाही. पुढे मॅनेजर व्हायचं असेल तर हो, मला त्यात कमीपणा वाटत नाही. फक्त ते तू ठरव.

कुठली भाषा आधी, हा प्रश्न जरा बाजूला ठेव. पायथन घे किंवा जावास्क्रिप्ट, पण सहा महिने बदलू नकोस. व्हिडिओ बघताना सगळं समजतं आणि कोरी फाइल उघडली की हात थिजतात, सगळ्यांचं होतं. व्हिडिओ बंद करून तेच स्वतः लिहायचं, अडलं तरच परत बघायचं. एआयकडून कोड लिहून घेतलास तरी माझी हरकत नाही, मीही घेते. पण जी ओळ तुला समजावून सांगता येत नाही ती स्वतःच्या नावावर चढवू नकोस. रात्री दोनला सिस्टिम पडली तर फोन तुलाच येणार आहे.

अडलीस तर अर्धा तास झगड, मग विचार. लिहून विचार: काय करायचं होतं, काय केलं, काय झालं, तुला काय वाटतं. निम्म्या वेळा चौथा मुद्दा लिहितानाच उत्तर सापडतं आणि मेसेज पाठवावाच लागत नाही.

तो खर्चाच्या नोंदींचा प्रोग्राम ‘अजून दाखवण्यासारखा नाही’ म्हणतेस. मग तसाच गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या त्या वेबसाइटवर, टाक आणि लिंक पाठव. तो कसा चालवायचा ते रीडमीत, म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, चार ओळींत लिही. मी तेवढंच वाचून माझ्या मशीनवर चालवून बघणार आहे. मधे एरर आली तर स्क्रीनशॉट काढू नकोस, मजकूर जसाच्या तसा कॉपी करून पाठव. शेवटची ओळ आधी वाचून.

तुझी,
ताई