खाडीत कयाकवरून गरवायचं तर रॉड, रील आणि बाकीचं सामान कसं निवडावं?

तुम्ही लिहिलंय की मुळशीच्या बॅकवॉटरला कयाक चालवायची सवय आहे, गाव दापोलीकडे खाडीलगत आहे, जिताडा आणि तांबोशी हे मासे गरवायची (गळाने धरायची) इच्छा आहे, साठेक हजार बाजूला काढलेत, आणि आता रॉड-रील कोणतं घ्यावं. मी रायगड-रत्नागिरीच्या खाड्यांमध्ये कयाकवरून गरवतो, म्हणून तेवढ्यापुरतंच सांगतो. उघड्या समुद्रात सुरमईच्या मागे जायचं असेल तर ते सामान वेगळं आणि ती तयारीही वेगळी.

रॉडचं सविस्तर सांगणारच आहे, पण आधी खर्चाचा क्रम उलटा करा. लाइफ जॅकेट आणि वल्हं पहिलं, मग कयाक, आणि रॉड-रील शेवटी. साठ हजारांतले दहा-बारा हजार रॉड, रील, दोरा आणि ल्युअर (माशाला फसवणारं बनावट आमिष) मिळून पुरे. मध्यम किमतीच्या रॉडवर जिताडा लागतो आणि निघतोही. वल्हं हलक्या प्रतीचं असेल तर मात्र ओहोटीच्या पाण्यातून परत येणं अवघड होतं. मुळशीत थकलात तर वल्हं मांडीवर ठेवून बसता येतं. खाडीत पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलतं, आणि ओहोटी लागलेली असताना वल्हं थांबवलंत की तुम्ही खाडीच्या मुखाकडे निघालात.

जॅकेट ५० न्यूटन तरंगशक्तीचं, कयाकसाठी किंवा गरवणाऱ्यांसाठी बनवलेलं घ्या. त्याची पाठ वरच्या भागात उंच असते, त्यामुळे सीटला टेकता येतं आणि दंड मोकळे राहतात. बोटीच्या फेरीत देतात तसलं जाड नारिंगी जॅकेट घातलं की वल्हवता येत नाही, मग माणूस ते काढून मागे ठेवतो, आणि नेमकं तेव्हाच ते लागतं. घालून बघताना कुणाला तरी दोन्ही खांद्यांना धरून वर उचलायला सांगा. कानापर्यंत सरकलं तर माप चुकलं. शिट्टी त्यालाच बांधून ठेवा. वल्हं २३० ते २४० सेंटिमीटर लांबीचं, फायबरग्लासच्या दांड्याचं. रुंद कयाकला याहून आखूड वल्हं पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. ते कयाकला दोरीने बांधलेलं हवंच, कारण मासा लागला की पहिल्यांदा हातातून सुटतं ते वल्हं.

कयाक वर बसायची घ्या, आत पाय घालून बसायची नको. उलटली तर ती सुलटी करून पुन्हा वर चढता येतं, आत पाणी भरत नाही. लांबी दहा ते बारा फूट, रुंदी तीस ते चौतीस इंच. अशी कयाक पंचवीस-तीस किलोच्या पुढेच भरते, तेव्हा पुण्याहून गाडीच्या टपावर नेणार असाल तर चढवायला दुसरा माणूस धरूनच चाला. हवा भरायची कयाक गावच्या घरी ठेवायला सोपी, म्हणून मोह होईल, पण आपल्या खाड्यांत खडकांवर कालवं असतात आणि त्यांच्या धारेपुढे ती टिकणं कठीण. पायाने चालवायची पेडलवाली कयाक हात मोकळे ठेवते, हे खरं. पण तिचं यंत्र खाली लटकतं आणि उथळ चिखलात किंवा जाळ्याच्या दोरीत अडकतं. शिवाय ती तुमच्या रकमेत बसायची नाही.

आता रॉड. किनाऱ्यावरून गरवणारे मित्र तुम्हाला नऊ-दहा फुटी रॉड सुचवतील. कयाकवर तो घेऊ नका. तिथे तुम्ही पाण्यापासून वीतभर उंचीवर बसलेले असता. मासा कयाकजवळ आला की लांब रॉडचं टोक त्याला तुमच्या हातापासून दूरच ठेवतं. साडेपाच फुटांचा रॉड तितकाच गैरसोयीचा, कारण मासा कयाकच्या नाकाखालून पलीकडे गेला की दोरा नाकावरून फिरवून घ्यायला तेवढी लांबी पुरत नाही. साडेसहा ते सात फूट, मीडियम-हेवी, आणि मुठीमागचा दांडा आखूड: जॅकेटला आणि सीटला न अडकणारा. विकत घेण्याआधी दुकानात जमिनीवर मांडी घालून बसा, रॉड हातात धरा आणि फेकल्यासारखा हात फिरवा. मागचा दांडा पोटाला लागत असेल तर परत ठेवा. आणखी एक गोष्ट: जवळ आलेला मासा उचलायला म्हणून रॉड सरळ उभा करून मागे नेऊ नका. सगळा ताण टोकाशी जातो आणि कार्बनचा रॉड तिथेच मोडतो. शेवटी रॉडच्या लांबीएवढा दोरा बाहेर राहू द्या.

रील ३००० किंवा ४००० मापाचं स्पिनिंग. त्यावर काही थेंब पाणी उडेल असं नाही, ते खाऱ्या पाण्यात बुडणारच आहे असं समजून निवडा. बेअरिंगच्या आकड्याकडे फारसं बघू नका. ड्रॅगला, म्हणजे मासा ओढेल तेव्हा ठरावीक ताणावर दोरा सोडणाऱ्या ब्रेकला, रबरी सील आहे का आणि दोरा ओढल्यावर ड्रॅग झटके न देता सुटतो का, ते बघा. दोरा २० ते ३० पौंडांचा ब्रेड (विणलेला दोरा), दीड-दोनशे मीटर. आपल्याकडचा तंगूस (नायलॉनचा एकसंध दोरा) वाईट नाही, पण तो ताणतो. ब्रेड ताणत नाही, त्यामुळे माशाने नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं आणि गरी पटकन रुतते. ब्रेड थेट ल्युअरला मात्र बांधू नका. जिताड्याच्या कल्ल्याची झाकणं कडेला धारदार असतात, आणि तांबोशीला पुढे सुळे. म्हणून शेवटचा मीटरभर ४० ते ५० पौंडांचा जाड मोनो (तंगूस) किंवा फ्लुरोकार्बनचा लीडर. दोघांना जोडणारी गाठ घरी बसून, डोळे मिटून बांधता येईपर्यंत बांधा, कारण हलत्या कयाकवर ओल्या हातांनी बांधताना ती सगळ्यात जास्त सुटते.

ड्रॅगबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण किनाऱ्यावर आणि कयाकवर खरा फरक इथेच पडतो. किनाऱ्यावर तुमचे पाय जमिनीत रोवलेले असतात. कयाकवर मासा ओढायला लागला की कयाकच त्याच्याकडे सरकते. लहानसहान माशाच्या बाबतीत याचा फायदा होतो, दोरा तुटत नाही. पण जिताडा आणि तांबोशी दोघंही लागताच कांदळवनाच्या मुळांकडे वळतात, आणि तुम्ही ड्रॅग कितीही आवळलात तरी मासा तुम्हाला कयाकसकट मुळांकडे नेतो. याला ड्रॅग आवळणं हा उपाय नाही, जागा बदलणं हा आहे. फेकण्याआधी कयाक अशी लावा की पाण्याची ओढ तुम्हाला मुळांपासून लांब नेईल. मासा लागला की प्रवाह तुमच्या बाजूने काम करतो. ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शावर ठेवा: ३० पौंडांच्या ब्रेडला साधारण तीन-साडेतीन किलो. सामान तोलायच्या हातकाट्याला दोरा बांधून घरीच लावून घ्या. आणि दोरा नेहमी कयाकच्या नाकाच्या दिशेला ठेवा. मासा आडवा ओढायला लागला आणि तुम्ही त्याच बाजूला झुकलात तर कयाक कलंडते. वळा, नाक त्याच्याकडे करा, मग तो ओढेना का.

ल्युअर फार घेऊ नका, पाच-सहा पुरे. दहा सेंटिमीटरच्या आसपासचे, पाण्यात मधल्या थरात थांबणारे दोन मिनो (छोट्या माशाच्या आकाराचे कडक ल्युअर). चार इंची रबरी मासे आणि दहा ते चौदा ग्रॅमचे जिगहेड (डोक्याला वजन असलेल्या गऱ्या). पहाटेसाठी एक पॉपर (पाण्याच्या पृष्ठभागावर आवाज करत चालणारा ल्युअर). मुळांच्या अगदी जवळ टाकायचं असेल तर रबरी माशात गरीचं टोक लपवता येतं ती पद्धत शिका. रंगावर लोक तासन्‌तास बोलतात. मला ल्युअर कोणत्या खोलीवर आणि किती सावकाश चालतो हे कितीतरी महत्त्वाचं वाटतं. जिवंत कोलंबी मिळाली तर तिच्यासारखं आमिष नाही. ती सर्कल हूकला (टोक आत वळलेल्या गरीला) लावा, म्हणजे गरी माशाच्या पोटात न जाता ओठाच्या कोपऱ्यात बसते आणि सोडायचा मासा जिवंत सुटतो.

विकत आणलेल्या ल्युअरला तीन तोंडांच्या गऱ्या असतात. त्या काढून एकेरी गऱ्या लावा आणि उलटा काटा पक्कडीने चेपून टाका. कयाकवर मासा तुमच्या दोन पायांच्या मधे येऊन फडफडतो. तिथे तीन तोंडांची गरी मांडीत घुसली आणि दुसऱ्या टोकाला जिवंत मासा असला तर काय होतं, याचा विचार करा. लांब चोचीची पक्कड, ओठ धरायचा ग्रिप आणि आखूड दांड्याचं रबरी जाळं, तिन्ही हाताच्या अंतरावर आणि तिन्ही बांधलेली. एक छोटी सुरी जॅकेटवर.

ती सुरी मुख्यतः नांगराची दोरी कापायची वेळ आली तर. दीड किलोचा घडीचा नांगर मिळतो, तो घ्या, पण कयाकच्या मधोमध कधीही बांधू नका. वाहत्या पाण्यात मधून बांधलेली कयाक आडवी होते आणि प्रवाह तिला वरच्या बाजूने पाण्यात दाबतो. नांगराची दोरी नाकातून किंवा शेपटीतून जायला हवी. त्यासाठी कडेने कप्पीवरची फिरती दोरी बसवतात. दोरीच्या टोकाला एक तरंगता गोळा बांधा, म्हणजे मोठा मासा लागला किंवा नांगर अडकला की दोरी सोडून देता येते आणि नंतर परत येऊन उचलता येते. दोरी पाण्याच्या खोलीच्या निदान तिप्पट. जोराची ओहोटी असेल तर नांगर टाकूच नका. उथळ चिखलात बांबूची काठी रोवली तरी काम भागतं.

जोर कधी असतो हे गावातल्या कुणाही जुन्या माणसाला विचारा, तो तिथीवरून सांगेल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते: अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात जोरात धावतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाणी शांत. मुंबईला उधाणाचं पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं, गोव्याच्या बाजूला त्याच्या निम्म्याच्या आसपास. तुमची खाडी मधली. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो, आणि तो ओहोटीच्या विरुद्ध आला की खाडीच्या तोंडाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. सकाळी निघून वारा सुटायच्या आत परत या. पावसाळ्यात तर विषयच नको. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकासुद्धा मासेमारीला जात नाहीत.

सामानात एक थर्मास गरम पाणी ठेवा. शिंगाळा माशाच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांत विष असतं, आणि खाडीत तो न बोलावता गरीला येतो. काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की वेदना उतरते. मग दवाखाना गाठा. उतरताना तळपाय चिखलावरून सरकवत चाला, पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) असलं तर ते हलून बाजूला होतं. जाड तळव्याचे बूट कालवांसाठी. टोपी, पूर्ण बाह्या, दोन-तीन लिटर पाणी, मोबाइलला पाणी न जाणारी पिशवी, डोक्यावरचा दिवा.

धरलेला मासा दोरीत ओवून पाण्यात सोडायची पद्धत काही व्हिडिओंत दिसेल. ती इथे करू नका. वाशिष्ठीत चिपळूणच्या बाजूला आणि सावित्रीत महाडच्या बाजूला मगरी आहेत, आणि रक्त येणारा मासा पायाशी बांधून वल्हवणं धोक्याचं आहे. बर्फाची पिशवी मागच्या खणात ठेवा. जिताडा जन्मतो नर आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे फार मोठा लागला तर ती अंडी घालणारी मादी असते. मी तिला सोडतो, तुम्हीही सोडा, अशी मनापासून विनंती आहे. दोन-तीन किलोचा घरी न्या. कालवणाला तोच चांगला.

परतल्यावर रॉड-रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. जोराचा फवारा मारला तर मीठ आत ढकललं जातं. वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा.

पहिली फेरी भांगाच्या दिवशी, ओहोटी संपता संपता, आणि रॉड न घेता करा. डोल जाळ्यांचे (प्रवाहात खुंटांना बांधून ठेवतात त्या जाळ्यांचे) खुंट, कालवांचे खडक, चिखलाच्या पट्ट्या तेव्हाच उघड्या दिसतात. मोबाइलच्या नकाशावर खुणा करून ठेवा, कारण भरतीत हे सगळं पाण्याखाली जातं आणि प्रवाहाबरोबर खुंटावर जाऊन आदळणं हा खाडीतला सगळ्यात मोठा धोका आहे. कुणाचं जाळं कुठे आणि कधी लागतं हे कोळीवाड्यात विचारून घ्या, तिथून लांब राहा. त्याच फेरीत कांदळवनातून खाडीत उतरणारे छोटे ओढे दिसतील. ओहोटीला बोय मासे आणि कोलंबी त्यातूनच बाहेर पडते, आणि जिताडा ओढ्याच्या तोंडाशी, पाण्याची ओढ चुकवून, खालच्या अंगाला उभा असतो. पुढच्या वेळी रॉड घेऊन तिथेच जा.