कोठडीच्या अर्जावर सही करण्याआधी

ठाणे

अनेक आशीर्वाद.

जेएमएफसीच्या, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाच्या मुलाखतीत न्यायिक सक्रियतेवर, म्हणजे न्यायालयांनी सरकारच्या कामात पुढाकार घेऊन हस्तक्षेप करण्यावर प्रश्न आला तर कुठली बाजू घ्यावी, असं तू विचारलंस. बाजू आधी ठरवू नकोस. आधी प्रकरण बघ, आणि त्यासाठी दिल्लीपर्यंत जायची गरज नाही.

ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत खाडीकाठी खारफुटी दिसते ना, ती टिकण्यात मुंबई उच्च न्यायालयाचा मोठा वाटा आहे. 2005 मध्ये न्यायालयाने राज्यभर तिची तोड थांबवली आणि भोवतीच्या 50 मीटरमध्ये बांधकामाला मनाई केली. 2018 मध्ये तर खारफुटीचा नाश म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 चा, जगण्याच्या अधिकाराचा भंग, असं सांगितलं. सागरी किनारा नियमनाची अधिसूचना 1991 पासून होतीच, पाळली जात नव्हती. आहे तो कायदा पाळायला लावणं, याला मी अतिक्रमण म्हणणार नाही. पण त्याच निकालामुळे सार्वजनिक प्रकल्पालाही खारफुटी तोडायची तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. डिसेंबर 2022 मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे 20 हजार झाडांची परवानगी तिथूनच मिळाली. ज्याने रोखायचं, त्यानेच परवाना द्यायचा! इथे मला काळजी वाटते. प्रकल्पाला पर्याय कोणता, नुकसान किती, हे जोखणं मुळात प्रशासनाचं काम. टीकाकारांचा हा मुद्दा वजनदार आहे, उत्तर देताना तो झटकून टाकू नकोस.

निकाल पटला की न्यायालय स्वतंत्र आणि नाही पटला की मर्यादा सोडली, असं बोलणारे खूप भेटतील. त्यांना 1976 चं जबलपूर प्रकरण आठवून दे. आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयात दादच मागता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ठरवलं. विरोधात एकटे हंसराज खन्ना. जानेवारी 1977 मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. त्या चौघांनी सरकारच्या क्षेत्रात पाऊलही टाकलं नव्हतं. म्हणून मला न्यायालयाच्या उत्साहापेक्षा त्याच्या गप्प बसण्याची भीती जास्त वाटते.

आता तुझ्या खुर्चीबद्दल. अनुच्छेद 235 मुळे कनिष्ठ न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं असतं, मंत्रालयाचं नाही. हे संरक्षण तुला पहिल्यांदा लागेल ते रिमांडच्या वेळी, म्हणजे अटक केलेल्या आरोपीला कोठडीत ठेवायचं का हे ठरवताना. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको आणि मॅजिस्ट्रेटने यांत्रिकपणे कोठडी देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने अर्नेशकुमार निकालात 2014 मध्येच बजावलं आहे. तरी ‘तपास बाकी आहे’ एवढ्या एका ओळीवर कोठडी मागणारे अर्ज येतात. बाहेर लोक जमलेले असतात, तपास अधिकारी घाईत असतो, आरोपीच्या बाजूने बोलणारं कधीकधी कुणीच नसतं. अशा वेळी आरोपीला वकील मिळवून दे, अटकेची कारणं विचार आणि ती पुरेशी नसतील तर कोठडी नाकार. यात सक्रियता कसली, कायद्याने तुझ्यावर टाकलेलं काम आहे ते. कारणं भक्कम असतील तर कोठडी दे, मग आरोपी कितीही मोठ्या घरचा असो.

मुलाखतीआधी कोर्ट नाक्यावर येऊन रिमांडचं कामकाज बघ, खुल्या न्यायालयात कुणालाही बसता येतं. पोलिसांनी सांगितलेली कारणं एका बाजूला आणि न्यायाधीशांनी दिलेली दुसऱ्या बाजूला लिहून आण. तुझं उत्तर आपण त्यावरूनच तयार करू.