रेल्वेची हद्द आणि आपली वाट: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

रेल्वेच्या जमिनीबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतो. बऱ्याच पत्रांत एक समज दिसतो: खडी संपली की पुढची जागा मोकळी, म्हणजे कोणाचीच नाही. रेल्वेकडे देशभरात सुमारे ४.९ लाख हेक्टर जमीन आहे आणि तिचा मोठा भाग म्हणजे रुळांच्या दोन्ही अंगांना पसरलेली लांबच लांब पट्टी. भरावाचा उतार, पाण्याची गटारे, सिग्नलच्या केबल, ट्रॅकमनची पायवाट हे सगळे त्याच पट्टीत असते. उद्याची तिसरी लाईनही तिथूनच जायची असते. हे ध्यानात ठेवून पुढची उत्तरे वाचावीत.

वडिलांच्या काळापासून आम्ही रुळांलगत राहतो. घरपट्टी भरतो, विजेचे मीटर आमच्या नावावर आहे. आता घर खाली करण्याची नोटीस आली आहे. इतक्या वर्षांनी जागा आमची होत नाही का? (नंदुरबार)

जागा तुमची होत नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. खोट्या आशेने वकिलाची फी वाया जाऊ नये. खासगी जमिनीवर उघड आणि अखंड ताब्याची १२ वर्षे मोजतात, सरकारी जमिनीसाठी हीच मुदत ३० वर्षांची आहे. ती भरली आहे असे वाटले तरी ताबा मालकाच्या विरोधात, हक्क सांगून होता हे सिद्ध करावे लागते. ‘आम्हाला कोणी उठवले नाही’ एवढ्यावर न्यायालयात काही टिकत नाही. घरपट्टीची पावती, वीजबिल, मतदार यादीतले नाव हे राहत असल्याचे पुरावे आहेत, मालकीचे नाहीत.

तरीही ही कागदपत्रे जिवापाड जपा, कारण पुनर्वसनाची पात्रता ठरते ती याच कागदांवर.

आता नोटिशीकडे वळू. ती कोणत्या कायद्याखाली आली आहे ते पाहा. सहसा ती सार्वजनिक जागांतील अनधिकृत ताबा काढण्याच्या १९७१ च्या कायद्याखाली असते आणि तिच्यावर इस्टेट ऑफिसरची, म्हणजे या कायद्याखाली निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याची, सही असते. त्यांच्यासमोर लेखी म्हणणे मांडण्याचा, सुनावणी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मुदत मात्र फार थोडी असते. आदेश विरोधात गेला तर जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येते, त्यासाठी १२ दिवस मिळतात. दिवाणी कोर्टात साधा दावा लावून हा आदेश अडवता येत नाही, कायद्यानेच ती वाट बंद केली आहे. हे माहीत नसल्याने कित्येक कुटुंबांचे ते १२ दिवस चुकीच्या दारात उभे राहण्यात जातात.

तुमच्या मार्गाचा संदर्भ इथे थेट लागू पडतो. सुरत–उधना ते जळगाव या मार्गावरच्या तिसऱ्या लाईनसाठी सुरतमधल्या रुळांलगतच्या वस्त्या हटवण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने जागा मोकळी करायला सांगितले, पण सोबत अटीही घातल्या: दोन आठवड्यांची नोटीस, पाडलेल्या घरामागे सहा महिने दरमहा २,००० रुपये आणि पात्र कुटुंबांच्या घरकुल अर्जांवर निर्णय. अतिक्रमण होऊ देणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करावी, असेही बजावले. हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. पहिली झोपडी उभी राहते तेव्हा आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) आणि इंजिनिअरिंग विभाग गप्प राहतात आणि तीस वर्षांनी शिक्षा मात्र नातवंडांना होते. हे न्याय्य नाही.

उत्तराखंडातल्या हल्द्वानीच्या रेल्वेलगतच्या वस्तीचे प्रकरणही वाचून ठेवा. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने आठवड्याभराची नोटीस देऊन वस्ती हटवायला सांगितले. ५ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि इतक्या माणसांना सात दिवसांत उठवता येणार नाही, असे म्हटले. मुंबईत तर लोकल मार्ग वाढवण्याच्या एमयूटीपी प्रकल्पात रुळांलगतच्या हजारो कुटुंबांना आधी पक्की घरे दिली गेली, मग लाईन वाढली. तेव्हा तुमच्या लेखी म्हणण्यात मालकीपेक्षा पुनर्वसनावर भर द्या. सगळ्या घरांची एकत्र यादी करा आणि ती जिल्हाधिकारी व नगरपालिका या दोघांनाही द्या.

नव्या रेल्वेमार्गाने आमच्या शेताचे दोन तुकडे केले. पलीकडे बैलगाडी, ट्रॅक्टर न्यायला वाट नाही. (बीड)

ही मागणी तुम्ही आत्ताच लेखी करा, उशीर करू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६ प्रमाणे जमीन तोडून लाईन नेताना लगतच्या शेतकऱ्यांसाठी ओलांडणी, मोऱ्या, पाण्याचे पाट अशा सोयी करून देणे ही रेल्वेची जबाबदारी आहे. त्याबदल्यात मोबदला घेतलेला असेल तर मात्र हक्क उरत नाही, म्हणून संपादनाचा निवाडा पुन्हा नीट वाचा. मार्ग वाहतुकीला खुला झाल्यापासून १० वर्षे उलटली की जादा सोयींची सक्ती रेल्वेवर राहत नाही. त्यानंतर कलम १७ खाली मागता येते, पण खर्च मागणाऱ्याचा. जुन्या लाईनींवरचे शेतकरी आज याच अडचणीत आहेत. अहिल्यानगर–बीड–परळी आणि वर्धा–यवतमाळ–नांदेड या मार्गांवरच्या शेतकऱ्यांच्या हातात अजून वेळ आहे.

फाटक मागू नका, मिळणार नाही. ब्रॉडगेजवरची विनाचौकीदार फाटके जानेवारी २०१९ अखेर संपवली गेली आणि नवी वाट आता पुलाखालून किंवा पुलावरूनच मिळते. भुयारी वाट मागाल तेव्हा उसाची भरलेली ट्रॉली जाईल एवढी उंची आणि पावसाचे पाणी बाहेर काढण्याची सोय नकाशातच लिहून घ्या. पावसाळ्यात तळे होणारी भुयारी वाट म्हणजे वाट नव्हेच.

वेगवान गाड्यांच्या मार्गांना कुंपणे घातली जात आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये वंदे भारतला म्हशी धडकल्यानंतर मुंबई–अहमदाबाद मार्गावर सुमारे ६२० किलोमीटर धातूचे कठडे बसवले गेले. जनावरांचे आणि प्रवाशांचे प्राण वाचतात, म्हणून कुंपणाला माझा पाठिंबाच आहे. पण कुंपण घालण्याआधी गुरांची वाट ठरली पाहिजे, आणि ती ग्रामसभेच्या ठरावात यायला हवी.

रेल्वे लाईनशेजारचा प्लॉट घेतो आहे. विकणारा म्हणतो, रुळापासून पन्नास फूट सोडले की झाले. (कर्जत)

असे एकच माप कुठेही नाही. रेल्वेच्या पट्टीची रुंदी जागोजाग बदलते. स्टेशनजवळ, उंच भरावाशी, खोल कटिंगशी ती बरीच वाढते. शेतात उभे असलेले हद्दीचे दगड शोधा, पण त्यांच्यावरच विसंबू नका, ते हललेलेही असतात. भूमि अभिलेख कार्यालयातून मोजणी करून घ्या आणि लगतधारक म्हणून रेल्वेला तिची नोटीस गेली आहे याची खात्री करा. रेल्वेचा माणूस हजर नसताना झालेली मोजणी पुढे वादात अडकते. शिवाय रेल्वे हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधकाम करायचे तर रेल्वेचा ना-हरकत दाखला लागतो. हे अंतर हद्दीपासून धरतात, रुळापासून नाही. दाखला हातात येईपर्यंत इसारापलीकडे पैसे देऊ नका.

स्टेशनला जाताना भिंतीच्या भगदाडातून सगळेच जातात. हा खरेच गुन्हा आहे का? (कल्याण)

होय. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण मला काळजी दंडाची नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर वर्षाकाठी दोन हजारांहून अधिक माणसे जीव गमावत आली आहेत आणि त्यात रूळ ओलांडणाऱ्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. भगदाड बुजवले तरी आठवड्यात पुन्हा पडते, कारण जवळचा पूल लांब असतो किंवा त्याला उतार नसतो. सोसायट्यांनी मिळून डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) कार्यालयाला पत्र द्या, महापालिकेला प्रत द्या. गर्दीच्या वेळी किती माणसे तिथून जातात याची नोंद जोडा. कल्याण–ठाणे पट्ट्यात पादचारी पूल अशाच पाठपुराव्याने मागावे लागतात. पूल होईपर्यंत त्या भगदाडातून मुलांना मुळीच पाठवू नका.

ग्रामपंचायतीला पाण्याची पाइपलाइन रुळांखालून न्यायची आहे. (दौंड तालुका)

याला वे-लीव्ह म्हणतात. त्यात फक्त वापराची परवानगी मिळते, जागेवर कोणताही हक्क मिळत नाही. अर्ज विभागीय इंजिनिअरिंग कार्यालयाकडे करा आणि सोबत नकाशा, पाइपचा व्यास, खोली व बाहेरच्या संरक्षक पाइपचा तपशील द्या. परवानगीआधी एक टिकावही मारू नका. भरावाखालची माती सैल झाली तर रूळ खचतो. शुल्क कोणी भरायचे, दुरुस्ती कोणी करायची हे पाणीपुरवठा योजनेच्या अंदाजपत्रकातच घालून ठेवा, नाहीतर मंजुरी आल्यावर पैशांसाठी काम अडते.