मागे काय ठेवू?

बाळा (असं म्हटलेलं तुला आवडत नाही, माहीत आहे, आज चालवून घे),

परवा रात्री 1 वाजून 12 मिनिटांनी आलेला तुझा मेसेज मी तेव्हाच वाचला. सकाळी बघते तर तू तो पुसलेला, आणि खाली ‘सॉरी, चुकून गेला’. एवढा लांबलचक मेसेज चुकून जात नसतो. सात कामं हातात, त्यातली तीन एकाच दिवशी द्यायची, घरी वडिलांचं आजारपण, आणि शेवटी प्रश्न : ‘ध्यान शिकू की राजीनामा देऊ?’

आधी हसू आलं, मग राग आला. म्हणजे एकतर दात आवळून सोसायचं, नाहीतर दार आपटून निघायचं. मधे काही नाहीच? झोप काढ, चालायला जा, श्वासाकडे लक्ष दे, यातलं काही मी लिहिणार नाही. ते तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. पण श्वास कितीही सावकाश घेतलास तरी डोळे उघडल्यावर कामं सातच असतात.

मला एवढंच सांग, सातवं काम आलं तेव्हा तू काय म्हणालास? ‘हो सर, करतो.’ बरोबर ना? नोकरीची पहिली एकवीस वर्षं मीही तेच म्हणत आले. त्यापुढे जोडायचं एक वाक्य मला फार उशिरा सापडलं : ‘करते. मग हातातलं मागे काय ठेवू?’

‘नाही म्हणायला शिका’ असं सगळे सांगतात. मला ते कधी जमलं नाही, आणि तुझ्यासारख्या दोन वर्षांच्या नोकरीवाल्याला ते परवडणारही नाही. या प्रश्नात नकार नाही. काम तू घेतोच आहेस. फक्त त्याची जागा कुठून काढायची हे काम देणाऱ्याला ठरवायला लावतोयस.

एका वर्षअखेरीला ताळेबंद, लेखापरीक्षकांच्या शंका आणि पगारपत्रकाची नवी पद्धत, तिन्ही मी एकाच आठवड्यात अंगावर घेतली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मी करू शकते, हे दाखवायचं होतं. शुक्रवारी रात्री पगारपत्रकातला एक रकाना सरकला आणि चाळीस जणांचे पगार चुकले. साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘होणार नव्हतं तर सोमवारी का नाही सांगितलंत?’ कित्येक वर्षं हे वाक्य मला सलत राहिलं. रात्री नऊपर्यंत दिवा कुणाच्या टेबलावर जळायचा, हे यांना दिसत नव्हतं? नव्हतं दिसत, रे. वरच्याला त्यानं दिलेलं प्रत्येक काम सुटं दिसतं. ढीग फक्त आपल्या टेबलावर असतो. तो दाखवायचं काम आपलं, आणि ते सोमवारी करायचं असतं.

पगार पुढच्या आठवड्यात दुरुस्त झाले. घरचं दुरुस्त झालं नाही. माझा मुलगा पंचवीस वर्षांचा झाल्यावर एकदा सहज हसत म्हणाला, ‘तू आल्यावर किल्ली कशी ठेवतेस ते मी आधी ऐकायचो. आपटली तर त्या दिवशी वही दाखवायची नाही.’ तो विसरून गेला असेल. मी अजून किल्ली ठेवताना थांबते.

तू म्हणशील, विचारून काम थोडंच कमी होतं? नेहमी होत नाही. पण नीट ऐक, कारण हे फक्त माझं मत नाही. रॉबर्ट कॅरासेक नावाच्या अभ्यासकानं 1979 मध्ये अमेरिका आणि स्वीडनमधल्या नोकरदारांची माहिती तपासून मांडलं की जास्तीत जास्त ताण येतो तो दोन गोष्टी एकत्र आल्या की : बोजा जड, आणि तो कसा वाहायचा हे ठरवायची मुभा नाही. ब्रिटनमध्ये 1985 साली 10,000 हून अधिक सरकारी नोकरांचा अभ्यास सुरू झाला, व्हाइटहॉल-2 नावाचा. त्यातही ज्यांच्या हाती आपल्या कामाची सूत्रं कमी, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. ‘मागे काय ठेवू?’ विचारतोस तेव्हा त्या सूत्रांचं एक टोक तुझ्या हाती येतं. उत्तर मनासारखं नाही आलं तरी येतं.

आणि ‘माझ्यातच काही बिघडलंय’ असं जे लिहिलं होतंस, ते खोड. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणानं पार गळून जाण्याची, व्याख्या केली ती कामाशी निगडित स्थिती म्हणून. आजारांत तिला घातलं नाही.

आता विचारायचं कसं. रडवेल्या आवाजात नको, माझ्यासारखं टोचूनही नको. कागदावर सातही कामं लिही, प्रत्येकापुढे लागणारे तास आणि द्यायची तारीख. बेरीज तूच कर. तो कागद पुढे ठेव आणि विचार. साहेब म्हणतील, ‘सगळंच महत्त्वाचं आहे.’ सगळे साहेब म्हणतात. पुन्हा विचार : ‘हो सर, पण शुक्रवारी यातली दोनच होतील. कोणती दोन?’ ‘थोडं जास्त थांब’ म्हणाले, तर एक-दोन आठवडे थांब, मी काही हरकत घेणार नाही. पण त्याची सवय नको. आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास करणाऱ्यांपेक्षा, पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 2021 मध्ये सांगितलंय. जे ठरेल ते त्याच दिवशी दोन ओळींत मेलवर टाक. भांडणासाठी नव्हे, तर पंधरा दिवसांनी दोघांनाही आठवावं म्हणून.

या प्रश्नापायी मला ‘अडेल’ म्हणायला लागले, हेही सांगून टाकते. माझ्या हाताखाली शिकलेला एकजण माझ्या आधी वर गेला. लोकांना मी सांगत आले की त्याचा आणि याचा काही संबंध नव्हता. होता, थोडा. बहुतेक माझ्या विचारण्यापेक्षा माझ्या सुराचा जास्त होता. बढती चार वर्षांनी मिळाली. त्या चार वर्षांत मी साडेसहाला घरी असायचे, आणि कुणाचा पगार चुकला नाही. मला तो सौदा आजही पटतो. तुला पटायलाच हवा असं नाही. (पटायला हवा खरं तर.)

घरीही हेच. तिथे तर कागदसुद्धा नसतो. सासूबाईंचं सगळं मी अकरा वर्षं एकटीनं केलं, आणि एका रात्री नवऱ्याला विचारलं, ‘मी हे करते, पण मग बाकीचं काय काय सोडू?’ तो गोंधळून म्हणाला, ‘मला वाटायचं, तुला दुसऱ्या कुणी केलेलं चालत नाही.’ अकरा वर्षं! तुझ्या बहिणीला विचारलंस का, वडिलांना दवाखान्यात न्यायचे दिवस वाटून घेऊ या का म्हणून? की तिला दिसत असेलच, असं धरून चालला आहेस?

हा प्रश्न सगळीकडे चालतो असं मात्र समजू नकोस. कुणी चारचौघांत पाणउतारा करत असेल तर त्याला यादी दाखवून काही होणार नाही. तिथून निघायची तयारी कर, तेव्हा राजीनाम्याला माझी ना नाही. छातीत धडधड होत असेल, आठवडे न् आठवडे झोप नसेल, जगणं नको वाटत असेल तर आधी डॉक्टर. त्याच दिवशी. आणि मला फोन.

गुरुवारी साहेबांबरोबर बैठक आहे म्हणालास. बुधवारपर्यंत ती सात कामांची यादी मला पाठव, तासांसकट. तू तास कमी लिहिशील, ते मी वाढवून देईन. आणि रात्री एक वाजता पाठवू नकोस. मी जागी असते, ते सोड.

तुझी,
जुनी टेबलशेजारीण