फिजीत रोज कावा पिणाऱ्या भावाचं जीजीटी वाढलंय, लिव्हर खराब झालं का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ तीन वर्षं फिजीच्या राजधानीत, सुवात नोकरीला आहे, दारूला शिवत नाही, पण रोज संध्याकाळी कावा, म्हणजे तिकडचं मुळांच्या पुडीचं पेय, पितो. सुट्टीवर कोल्हापूरला आल्यावर रक्त तपासलं तर जीजीटी (लिव्हरच्या तपासणीतलं एक एन्झाइम) १६८ आलं, लिव्हरच्याच बाकी तपासण्या, एसजीपीटी, एसजीओटी आणि बिलिरुबिन, नॉर्मल. आणि तेव्हापासून आईच्या डोळ्यांचं पाणी खळत नाही.

मी यातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो. मी साखर कारखान्यातला केमिस्ट. इथला कारखाना सोडून फिजीला गेलो आणि तिथल्या लाउटोका शहरात नऊ वर्षं काढली. १८७९ पासून उसाच्या मळ्यांवर करारानं नेलेल्या भारतीयांचे नातू-पणतू तिथं आहेत, ते कावाला ग्रोग किंवा नगोना म्हणतात. कामाची पाळी सुटली की कुणाच्या तरी ओसरीवर बैठक बसायची. मुळांची पूड फडक्यात बांधून गार पाण्यात चोळायची, मातकट पाणी उतरतं, ते नारळाच्या करवंटीतून प्यायचं. जीभ बधिर होते, अंग सैल पडतं. कावा म्हणजे काश्मिरी कहवा नव्हे. ही आपल्या मिऱ्याच्या आणि विड्याच्या पानाच्या कुळातली वनस्पती आहे.

दुसऱ्या वर्षी सुट्टीत तपासणी केली. जीजीटी १४२, लॅबची मर्यादा ५५. एसजीपीटी ३१. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "दारू किती घेता?" एक थेंब नाही म्हटलं, त्यांना पटलं नाही. घरी बायकोही दोन दिवस गप्प होती. मला ते फार लागलं. पण चूक माझीही होती. चहासारखी रोजची गोष्ट, म्हणून कावाचं नावच मी काढलं नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांनी पायांच्या नडग्या बघितल्या. कातडी कोरडी, खवल्यांसारखी सुटत होती. फिजीत याला कानिकानी म्हणतात, जास्त कावा पिणाऱ्यांना बऱ्याचदा होतं. "तिकडं रोज काय पिता?" असं त्यांनी विचारलं आणि मग सगळं बाहेर आलं.

कावा पूर्ण बंद केला. जीजीटी सहा आठवड्यांनी ८८, साडेतीन महिन्यांनी ४१. कातडीही स्वच्छ झाली.

हे माझ्या एकट्याचं नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडमध्ये भरपूर कावा पिणाऱ्यांच्या तपासण्या झाल्यात. तिथंही जीजीटी वाढलेलं आढळलं आणि पिणं थांबवल्यावर उतरलं. त्यांच्यात वजन आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) हेही कमी होतं, लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी कमी होत्या. म्हणून भावाचं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), अल्ब्युमिन आणि वजन हेही बघा. माझं वजन सात किलो उतरलं होतं, ते कुणी लक्षातच घेतलं नव्हतं.

पण कावाच कारण आहे असं धरून बसू नका. फॅटी लिव्हर, मधुमेह, पित्तनलिकेतला अडथळा, फिट येऊ नये म्हणून घेतलेल्या काही गोळ्या यांनीही जीजीटी वाढतं. सोबत अल्कलाइन फॉस्फेटेज हे लिव्हरच्या तपासणीतलं दुसरं एन्झाइमही वाढलं असेल तर सोनोग्राफी लांबवू नका. आणि डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी गडद झाली, जेवण नकोसं झालं किंवा एसजीपीटी चढलं, तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. कावानं लिव्हरला गंभीर इजा झालेले रुग्ण आहेत. २००२ साली जर्मनीनं कावाच्या औषधांवर बंदी घातली ती त्याचमुळं. ती औषधं बहुतेक अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन वापरून काढलेल्या अर्काची होती, पण म्हणून पाण्यात कालवलेला कावा कितीही प्यावा असं नाही.

कावा लिव्हरमधली औषधं मोडणारी एन्झाइम अडवतो. त्यामुळं झोपेच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, क्षयाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना कावासकट सांगा. ताप आला म्हणून रात्री करवंटी आणि वर पॅरासिटामॉल, हे तिथं सर्रास चालतं. भावाला तेवढं तरी आजच थांबवायला सांगा.

त्याची सुट्टी संपत आली असेल तरी हरकत नाही. आज कावा बंद, सहा-आठ आठवड्यांनी सुवातच पुन्हा तपासणी, आणि तो कागद फोटो काढून कोल्हापूरच्या डॉक्टरांना पाठवायचा. पहिला रिपोर्ट त्याच्या बॅगेत आत्ताच घालून ठेवा, तिथल्या डॉक्टरांना शेजारी ठेवून बघायला लागेल.